आमच्या दुकानातली काचबिंदूची ऑनलाइन चाचणी: तिच्यावर किती विसंबायचं

अमळनेरात सध्या बोललं जातंय की बसस्टँडजवळच्या ऑनलाइनवाल्या ताईकडे डोळे फुकट तपासून मिळतात. ती ताई म्हणजे मी. सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट ही माझी रोजची कामं. आता त्यात "ताई, ते काचबिंदूचं चेक करून द्या ना" ही भर पडली आहे, आणि पारोळा, धरणगावकडूनही माणसं येतात. लोक डोळ्यांचा विचार करायला लागले याचा मला मनापासून आनंद आहे. पण काही गोष्टी नीट सांगितल्याशिवाय हे असंच चालू ठेवणं मला पटत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे मी डोळे तपासत नाही. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या काही चाचण्या आहेत, ज्याच्या त्याने स्वतः करायच्या. त्या मी माझ्या मोठ्या स्क्रीनवर उघडून देते, खुर्ची योग्य अंतरावर लावते आणि निकाल मराठीत वाचून दाखवते. निकालात काही खोट दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काहीच दिसलं नाही आणि तुमचं वय चाळिशीपुढे आहे किंवा घरात कोणाला काचबिंदू आहे, तरीही जा.

आमच्या घरात काचबिंदू कळला तो आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी उमर जिनिंगमध्ये गेली. कापसाच्या हंगामात रुईची धूळ उडते, डोळे लाल होऊन चुरचुरतात. एका मेडिकलवाल्याने दिलेले थेंब टाकले की संध्याकाळपर्यंत डोळे स्वच्छ व्हायचे. गुण येतो म्हटल्यावर तीच बाटली वर्षानुवर्षं घरात येत राहिली. डॉक्टरची चिठ्ठी कधी कोणी मागितली नाही. पुढे आप्पा मोतीबिंदूच्या शिबिराला गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मागची नस पाहिली आणि घरच्यांना आत बोलावून घेतलं. डाव्या डोळ्याची नस बरीच खराब झाली होती. घरात कोणते थेंब वापरता म्हणून त्यांनी विचारलं, बाटली मागवली, लेबल वाचलं: डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिलं तर कामाचं औषध, पण स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर काहींच्या डोळ्याचं प्रेशर चढतं आणि ते आतल्या आत नस मारत राहतं. मॅडम म्हणाल्या, घराण्यातून आलेला असू शकतो, थेंबांनी भर घातलेली असू शकते. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली आपण सांभाळू. आणि एक गोष्ट त्यांनी केसपेपरवर लिहूनच दिली: सख्खी भावंडं आणि मुलं, सगळ्यांची तपासणी करा.

आप्पांना काही जाणवत नव्हतं का, असं मला सगळे विचारतात. खरंच नव्हतं. पेपर वाचायचे, मोबाईलवर नंबर लावायचे. फक्त डावीकडून येणारी मोटारसायकल अगदी जवळ आल्यावर दिसायची, आणि जेवताना डावीकडचा पाण्याचा ग्लास हाताला लागून लवंडायचा.

असं का होतं, हे शेतकऱ्याला मी ठिबकवरून सांगते. ठिबकचा फिल्टर तुंबला की मागे प्रेशर चढतं, गेजवर काटा दिसतो. डोळ्यातही एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं. वाट अडली की आतलं प्रेशर वाढतं आणि मागच्या नसेवर दाब पडतो. त्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात, ते हळूहळू मरत जातात. सर्वसाधारण प्रेशर १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) धरतात. मात्र काही माणसांची नस प्रेशर २१ च्या आत असूनही खराब होते, म्हणून नुसतं प्रेशर मोजून "काही नाही" म्हणता येत नाही. नस डोळ्यांनी पाहावीच लागते.

आणि कळत का नाही, तर एका डोळ्याला दिसत नाही ते दुसरा भरून काढतो, आणि जे दोघांनाही दिसत नाही ते मेंदू आपल्या मनाने रंगवून टाकतो. हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मी दुकानात कागदावर करून दाखवते. तुम्हीही आत्ता करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटिमीटरवर चणाडाळीएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होईल. तिथे भोक दिसणार नाही, काळोख दिसणार नाही, पांढरा कागदच दिसेल. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे काही दिसत नसतं, हा प्रत्येकाच्या डोळ्यातला जन्मजात आंधळा ठिपका. एद्म मारियोत नावाच्या फ्रेंच माणसाने १६६० च्या दशकात तो दाखवून दिला. जन्मभर आपण हा ठिपका घेऊन हिंडतो आणि एकदाही लक्षात येत नाही. काचबिंदूने असे आणखी ठिपके पडले, तर तेही तितकेच बेमालूम झाकले जातात. परवा एक केळी बागायतदार दादा हा कागद कितीतरी वेळ पुढे-मागे करत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे न दिसणं दिसतच नाही." मी इतके दिवस समजावत होते त्यापेक्षा हे चांगलं सांगितलं त्यांनी.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. दक्षिण भारतात खेड्यापाड्यांत जाऊन डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तेव्हा ज्यांना तो सापडला त्यांतल्या दहापैकी नऊहून जास्त जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं.

आता त्या फुकट चाचण्यांकडे येते. त्यात मुख्य दोन जाती.

एक म्हणजे प्रश्नावली. वय किती, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला काचबिंदू आहे का, चष्म्याचा मोठा मायनस नंबर आहे का, साखर आहे का, डोळ्याला कधी जोराचा मार लागला का, स्टेरॉइडचे थेंब, गोळ्या किंवा दम्याचा पंप वर्षानुवर्षं घेता का. माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी हीच, आणि सगळ्यात कमी भाव हिलाच मिळतो. लोकांना स्क्रीनवर काहीतरी चमकलेलं हवं असतं. पण रक्ताच्या जवळच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि हे सांगायला ना इंटरनेट लागतं ना मशीन. घरातल्या मोठ्यांना विचारलं की झालं. "आजोबा आंधळे झाले होते" एवढ्यावर थांबू नका. कशाने झाले? मोतीबिंदू पिकून, की ऑपरेशन करूनही नजर आली नाही?

दुसरी जात म्हणजे ठिपक्यांची. ब्रिटनमधले नेत्रतज्ज्ञ बर्टिल डमाटो यांनी १९८५ मध्ये दवाखान्याबाहेर, वस्तीत करता येईल अशी एक साधी कागदी चाचणी मांडली. नेहमीच्या मशीनमध्ये नजर एका जागी खिळवून ठेवायची असते आणि ठिपके इकडेतिकडे चमकतात. डमाटोंनी ते उलट केलं: नजर एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर न्यायची आणि मधला ठिपका दिसतो की नाहीसा होतो ते सांगायचं. पुढे त्याच कल्पनेची चाचणी संगणकावर आली. जर्मनीत ट्युबिंगनला एल्फ्रीडे आउलहॉर्न यांनी १९८० च्या दशकात त्याहून साधी गोष्ट पाहिली होती. टीव्हीवर सिग्नल गेला की ज्या मुंग्या यायच्या ना, त्यांच्याकडे एकटक बघितलं की काही रुग्णांना स्वतःच्या नजरेतला खराब भाग तिथे वेगळा दिसायचा. आपल्या घरातही तेव्हा अँटेना हलवत आपण त्याच मुंग्या बघत होतो, हे वाचून मला कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

दुकानात ही चाचणी कशी होते ते सांगते, कारण घरी करणाऱ्यांची गडबड बहुतेक इथेच होते. शटर अर्धं खाली घ्यायचं, नाहीतर रस्त्यावरचा उजेड स्क्रीनवर पडतो आणि ठिपका असूनही दिसत नाही. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद. माझा मॉनिटर साडेएकवीस इंची आहे. त्याच्यापासून डोळ्यापर्यंत ५० सेंटिमीटर, शेजारच्या शिलाईवाल्या वहिनींच्या टेपने मोजून. एका वेळी एकच डोळा. तळहाताने झाकलं की माणूस नकळत बोटांच्या फटीतून बघतो, म्हणून मी चष्म्याच्या काचेमागे कापसाची घडी लावते. जवळचा चष्मा असेल तर तो घालायचा. आणि मान हलवायची नाही, हे दर मिनिटाला सांगावं लागतं. जेवण करून आलेल्या माणसाला तर मी बसवतच नाही, डुलक्या लागतात.

हे अंतराचं प्रकरण मी वहीत आकडेमोड करून पाहिलं. माझा मॉनिटर ५० सेंटिमीटरवरून डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी सुमारे २५ अंश व्यापतो. दवाखान्यातल्या मशीनवर काचबिंदूसाठी नेहमी करतात ती फील्डची, म्हणजे नजरेच्या पसाऱ्यात कुठे कमी दिसतं ते बघायची चाचणीही साधारण मधल्या २४ अंशांचीच असते, त्यामुळे आडवं ठीक. वर-खाली मात्र १५ अंशच येतात. आणि मोबाईल? आडवा धरून ३० सेंटिमीटरवर ठेवला तर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत जेमतेम १४ अंश. तो जन्मजात आंधळा ठिपकाच मुळी १५ अंशांवर असतो! मोबाईलवरच्या बऱ्या चाचण्या म्हणून नजर कोपऱ्यात न्यायला लावतात. ज्या लावत नाहीत, त्या नजरेच्या अगदी मधल्या तुकड्याबद्दलच बोलतात, आणि काचबिंदूत हा तुकडा बहुतेकदा शेवटपर्यंत टिकतो.

माझा भाऊ सुरतेला उधन्यात असतो, लूमवर रात्रपाळी करतो. त्याला लिंक पाठवली तर त्याने पाळीवर जाता जाता मोबाईलवरच उरकून टाकली आणि हिरव्या टिकेचा फोटो पाठवला. त्याला मी हाच हिशेब फोनवर सांगितला. शिवाय नसेचे बरेच तंतू मेल्यावरच फील्डमध्ये खोट दिसायला लागते, मोठ्या मशीनवरसुद्धा. तेव्हा आप्पांच्या मुलाला हिरव्या टिकेवर थांबता येणार नाही.

आत्याचं उदाहरण तर मी सगळ्यांना सांगते. आप्पांची धाकटी बहीण, धरणगावकडच्या खेड्यात दिलेली. तिला आणायलाच किती आर्जवं करावी लागली. "माले समदं दखास, तू काबर इतली घाई करी राहिनी?" शेवटी मंगळ ग्रह मंदिरात दर्शनाला म्हणून आली ती तिथून दुकानात. दोन्ही डोळ्यांची चाचणी केली, एकही ठिपका चुकला नाही. ती उठून पदर सारखा करायला लागली. मी म्हटलं, थांब, अजून प्रश्न राहिलेत. सख्ख्या भावाला आहे का? आहे. बस, त्या एका उत्तरावर तिला डॉक्टरकडे नेलं. तिथे प्रेशर ठीक निघालं, नसही चांगली. मग डॉक्टरांनी डोळा बधिर करून त्यावर एक भिंग टेकवलं आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तपासली, तर ती वाट दोन्हीकडे फार चिंचोळी. हा कोनबंद काचबिंदूचा, म्हणजे ही वाटच बंद होऊन होणाऱ्या काचबिंदूचा धोका, आशियातल्या लोकांत तो बराच आढळतो. लेसरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडलं, काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. स्क्रीनवरच्या ठिपक्यांना हे कधीही कळलं नसतं, कारण अजून काही बिघडलेलंच नव्हतं.

काकांचं याच्या उलट. त्यांचे वरच्या ओळीतले ठिपके पुन्हा पुन्हा चुकत होते. घरात रडारड व्हायची वेळ आली. डॉक्टरांनी पाहिलं तर वयामुळे वरची पापणी खाली आली होती आणि तीच आड येत होती. नस उत्तम. म्हणून निकालात खोट दिसली तर घाबरून जाऊ नका, आणि खोट दिसली म्हणून स्वतःच थेंबही सुरू करू नका.

काही चाचण्या काचबिंदूच्या नावाखाली फिरतात, त्यांचं थोडक्यात. चौकटीचौकटींचा कागद आणि मध्ये ठिपका, रेषा वाकड्या दिसतात का बघा, ही अ‍ॅम्सलर ग्रिड. ती डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागासाठी असते, काचबिंदूसाठी तिचा भरवसा नाही. नुसत्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने प्रेशर मोजून देतो म्हणणारं अ‍ॅप काढून टाका. पापणीवरून बोटाने डोळा दाबून बघण्यालाही अर्थ नाही.

आणि एका प्रसंगी तर कुठलीच चाचणी करत बसू नका. एकाएकी डोळा लाल, भयंकर ठणका, अर्धं डोकं फुटायला आलंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. आपल्याकडे याला पित्त समजून रात्र काढतात. हा काचबिंदूचा झटका असू शकतो आणि नजर काही तासांत जाऊ शकते. रात्र असो की अखाजीचा सण, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरकडे गेल्यावर काय म्हणायचं, हे मी आता चिठ्ठीवर छापूनच देते. शिबिरात किंवा चष्म्याच्या दुकानात गर्दी असली की नंबर काढतात, मोतीबिंदू बघतात आणि पुढचा माणूस बोलावतात. तिथल्या लोकांचाही नाइलाज असतो, समोर रांग उभी असते. तेव्हा आपणच सांगायचं: "माझ्या वडिलांना काचबिंदू आहे. डोळ्याचं प्रेशर मोजा आणि मागची नस बघा." गरज वाटली तर ते पाणी जायचा कोपरा भिंगाने तपासतील, फील्ड करायला लावतील, नसेचं स्कॅन सांगतील. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर पुढचे काही तास नजर धूसर राहते आणि आपल्या उन्हात डोळे उघडवत नाहीत. गाडी चालवत जाऊ नका. सोबत कोणीतरी न्या, टोपी किंवा गॉगल न्या.

आप्पांचं आता बरं चाललंय. रात्री जेवण झालं की एक थेंब, डोळा मिटायचा, नाकाकडचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. बाटली उन्हाळ्यात फ्रीजच्या दारात. थेंब टाकून दिसण्यात काही फरक पडत नाही, म्हणून पुष्कळ लोक मध्येच सोडून देतात. त्यांना आप्पा स्वतः दुकानात बसून समजावतात आणि माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

चाचणीसाठी यायचं असेल तर मंगळवार सोडून या, त्या दिवशी मंदिराची गर्दी असते आणि मला शटर खाली घेता येत नाही. बाकी दिवशी सकाळी अकराच्या आत. पैसे नाहीत. येताना जवळचा चष्मा आणा, सध्या डोळ्यात जे काही टाकता ती बाटली आणा, आणि भावा-बहिणींपैकी कोणाचा डोळा कशाने गेला ते घरी विचारून या.